रायगड जिल्ह्याएवढे बेट, झाड एकही नाही

ओवे गावाच्या मागच्या डोंगराला रस्त्यासाठी किंवा इमारतीसाठी कुठे कापा घेतला की आतली मांडणी उघडी पडते. खाली घट्ट काळा कातळ, त्यावर विटकरी मातीचा पट्टा, वर पुन्हा काळा कातळ. कातळाच्या वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांची भोके, आणि काही भोकांत साचलेली पांढरी गारगोटी. प्रत्येक काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एक पूर. मधला तांबडा पट्टा म्हणजे दोन पुरांच्या मधला उसंतीचा काळ, ज्यात वरचा दगड कुजून त्याची माती झाली. पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्याकडे झुंडी लोटतात, त्यातले किती जण या पट्ट्यांकडे बघतात कोण जाणे. धबधब्यापुढे दगडाला कोण विचारतो?

पनवेलच्या दगडात आणखी एक गोम आहे. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर बहुतेक आडवे, सपाट असतात. पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला कलतात. भूशास्त्राच्या पुस्तकांत या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात आणि जगभरचे अभ्यासक तो बघायला येतात. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. त्यानंतर भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा तुटून दूर गेला, आणि कडेचा कातळ खचला, वाकला. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे याच पट्ट्यावर आहेत.

हा लाव्हा आला कुठून, याचे बहुतेक पुस्तकांतले उत्तर एका बेटाकडे बोट दाखवते: हिंदी महासागरातले रेयुनियाँ. भूकवचाखाली खोलवर एक उष्ण स्रोत जागच्या जागी जळत राहतो आणि वरून खंड सरकत जातात, असे हे चित्र आहे. भारत तेव्हा वर्षाला पंधरा-एक सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे चालला होता. दख्खन भाजून झाल्यावर त्याच स्रोताने लक्षद्वीप-मालदीव-छागोसची रांग उठवली, मग मॉरिशस, आणि सध्या त्याच्यावर रेयुनियाँ उभे आहे. पवईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांच्यासारख्या अभ्यासकांना हे चित्र मान्य नाही आणि त्यांचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण प्रवासाला निघायला मला हे चित्र पुरेसे होते. कारण भारताच्या वाटेवर असे एक नव्हे, तीन स्रोत सांगतात. झारखंडातल्या राजमहल टेकड्यांचा सुमारे ११.७ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा केर्गेलेन बेटांच्या स्रोताशी जोडतात. कर्नाटकातल्या मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरचे दगडी खांब ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे, मादागास्कर भारतापासून सुटले त्या वेळचे. त्यांचा संबंध दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या मारियन बेटाशी लावतात. भारत पुढे निघून गेला, पण त्याची तिन्ही चुलाणी अजून दक्षिणेकडे धुमसत आहेत, आणि त्यातली दोन अंटार्क्टिकाच्या उंबरठ्यावर, पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास आहेत. ती बघायची होती.

वाट मॉरिशसवरून जाते. तिथली मराठी मंडळी एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर आलेल्यांचे वंशज. घरात बोलतात क्रिओल, पण गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या दृष्टीने पोर्ट लुईचे महत्त्व वेगळे आहे. दक्षिणेच्या या बेटांचा शोध लावणारी दोन्ही फ्रेंच पथके याच बंदरातून निघाली होती. मारियों द्यु फ्रेन याने जानेवारी १७७२ मध्ये क्रोझे बेटे पाहिली आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये माओरींच्या हातून तो मारला गेला. क्रोझे हे त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे नाव. इव्ह द केर्गेलेन-त्रेमारेक याला १२ फेब्रुवारी १७७२ रोजी धुक्यात एक किनारा दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात थेऊरला माधवराव पेशव्यांचा अंत झाला, म्हणजे आपल्याकडचा काळ लक्षात यावा.

केर्गेलेनची गोष्ट रंगवून सांगण्यासारखी आहे. वादळामुळे तो स्वतः बेटावर उतरलाच नाही. सोबतच्या दुसऱ्या जहाजातला एक अधिकारी होडीतून गेला आणि त्याने फ्रान्सच्या नावाने ताबा जाहीर केला. केर्गेलेनने त्या जहाजाची वाट न पाहता फ्रान्स गाठले आणि राजाला सांगितले की दक्षिणेचा सुपीक खंड सापडला आहे, तिथे धान्य पिकेल, खनिजे मिळतील. राजाने त्याला पुन्हा जहाजे दिली. दुसऱ्या खेपेत त्याने एका तरुणीला गुपचूप जहाजावर घेतले होते, हे नंतर उघडकीला आले. सुपीक खंड काही सापडला नाही. परतल्यावर खटला झाला आणि तो तुरुंगात गेला. १७७६ च्या नाताळात, म्हणजे आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्या वर्षाअखेर, जेम्स कुक तिथे पोचला. त्याच्या माणसांना एक बाटली सापडली, आत फ्रेंचांचा लेख. कुकने त्याच कागदावर आपलीही नोंद केली, बाटलीत १७७२ सालचे चांदीचे दोन पेनीचे नाणे टाकले आणि ती परत ठेवून दिली. बेटाला त्याने उजाडपणावरून नाव दिले. ते बरीच वर्षे चालले.

मॉरिशसहून रेयुनियाँ विमानाने हाकेच्या अंतरावर. इथे ज्वालामुखी जिवंत आहे. पितों द ला फुर्नेझ २,६३२ मीटर उंच आणि जगातल्या सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक. पूर्व किनाऱ्याचा रस्ता लाव्ह्याचे पाट ओलांडत जातो आणि प्रत्येक पाटाशी सालाची पाटी आहे. सेंट रोझजवळच्या एका चर्चला १९७७ मध्ये लाव्ह्याने वेढा घातला आणि दाराशी येऊन तो थांबला. मी तिथला एक दगड हातात घेतला. तीच बुडबुड्यांची भोके, पण रिकामी. गारगोटी साचायला लाखो वर्षे लागतात, या दगडाचे वय तर माझ्यापेक्षा कमी. भेगेतून नेचे उगवले होते. जवळच रंगीत गोपुरांचे देऊळ होते. इथल्या तमिळ मजुरांच्या वंशजांना सगळे सरसकट ‘मलबार’ म्हणतात.

ल पोर या बंदरातून ‘मारियों द्युफ्रेन’ नावाचे जहाज सुटते. १२० मीटर लांब, १९९५ साली पाण्यात आलेले. ते एकाच वेळी मालवाहू, तेलवाहू, संशोधन नौका आणि टपालगाडी आहे. दक्षिणेच्या फ्रेंच बेटांवर विमानतळ नाही. वर्षातून मोजक्या फेऱ्या करणारे हे जहाज हाच तिथला रस्ता. शास्त्रज्ञ, सुतार, स्वयंपाकी, डॉक्टर यांच्याबरोबर थोडे पर्यटकही घेतात.

चाळिसावा अक्षांश ओलांडला की पश्चिमेचा वारा सुरू होतो. या पट्ट्यात पृथ्वीभोवती त्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाहीच. आम्हा बहुतेकांना बोट लागली. जेवणघरात ताटाखाली ओलसर फडके घालत, म्हणजे ताट घसरत नाही. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या भारतीय मोहिमांनाही हाच पट्टा पार करावा लागतो. नागपूरच्या अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत याच दक्षिण समुद्रातून गेल्या. त्या आणि सुदिप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. मी केबिनमध्ये पडून होतो, तेव्हा त्यांच्याविषयीचा आदर जरा वाढला. पोट स्थिरावल्यावर डेकवर गेलो तर जहाजामागे भटका अल्बट्रॉस होता. पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर, आणि मी पाहत होतो तेवढ्या वेळात त्याने पंख एकदाही हलवला नाही. लाटेच्या आडोशाला उतरायचे, वाऱ्यात वर चढायचे, पुन्हा उतरायचे. तेवढ्यावर तो हजारो किलोमीटर जातो.

पहिल्या बेटाआधी तपासणी झाली, आणि ती विमानतळावरच्या तपासणीपेक्षा कडक होती. बुटांचे तळ ब्रशने घासायचे, पिशव्यांचे कप्पे व्हॅक्यूमने झाडायचे, वेल्क्रोच्या काट्यांत अडकलेले कण चिमट्याने काढायचे. माझ्या पाठपिशवीच्या शिवणीतून दोन कुसळे निघाली. ओव्याच्या डोंगरावर पावसाळ्यानंतर चालले की पायमोजे कुसळांनी भरतात, त्यातलीच. तपासणाऱ्या मुलीला मी कुसळाचा खेळ दाखवला. त्याच्या शेपटीला पीळ असतो. जिभेवर ओले केले की पीळ सुटू लागतो, शेपटी गोल फिरते आणि टोकदार बी स्वतःला जमिनीत रुतवत जाते. तिने ते दोनदा पाहिले, हसली, आणि कुसळे पुडीत घालून बंद केली. इतकी काळजी का, ते पुढे केर्गेलेनवर कळले.

क्रोझे समूहातल्या पझेशन बेटावर हेलिकॉप्टरने उतरवतात. तळ कड्यावर आहे आणि खाली ‘बे द्यु मारें’ नावाची खाडी. खाडीआधी वास पोचतो. मग आवाज. राजा पेंग्विनांची वसाहत समोर आली की कुठे पाहावे कळत नाही. प्रत्येक पक्षी शेजाऱ्यापासून चोचीच्या अंतरावर उभा, मध्ये कोणी घुसला की फटका. घरटे नाही. एकच अंडे, ते पायांवर ठेवून पोटाच्या कातडीच्या घडीने झाकायचे, आणि नर-मादीने पाळीपाळीने सुमारे ५४ दिवस उबवायचे. आमच्या पुढ्यात एकाने अंडे जोडीदाराकडे सोपवले. दोघे छातीला छाती लावून उभे राहिले. अंडे क्षणभर चिखलात पडले, घेणाऱ्याने चोचीने ते ओढून पायांवर चढवले आणि पोट खाली घेतले. बाजूलाच पांढरा शीथबिल पक्षी टपून होता, त्याचा हात रिकामा गेला. कडेला मागच्या हंगामाची पिल्ले, तपकिरी लोकरीत, आईबापांहून जाड दिसणारी. पिल्लू वाढवायला वर्षभर लागते, हिवाळ्यात ते कित्येक आठवडे उपाशी राहते. आईबाप मासे आणायला दक्षिणेला, गार आणि उबदार पाणी भेटते त्या सीमेपर्यंत शेकडो किलोमीटर जातात. समुद्र तापला की ही सीमा दक्षिणेला सरकते आणि फेरी लांबते. शेजारच्या कोशों बेटावर १९८० च्या दशकात सुमारे पाच लाख जोड्या होत्या. ती तेव्हा या जातीची जगातली सर्वांत मोठी वसाहत होती. २०१८ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून कळले की तिच्यात जवळपास नव्वद टक्के घट झाली आहे. आमच्या फेरीनंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पझेशन बेटावर बर्ड फ्लू पोचला. तो मुख्यतः पक्ष्यांच्या पंखांवरून येतो, त्यामुळे व्हॅक्यूमचा फारसा उपयोग नाही.

केर्गेलेन दिसले तेव्हा मी चाट पडलो. मला शंकूसारखा ज्वालामुखी अपेक्षित होता. समोर सह्याद्री होता. आडवे काळे थर, थरांच्या पायऱ्या, वर सपाट माथे, मध्ये तुटलेले कडे. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहून कोकणात बघावे आणि सगळ्या कोकणात समुद्र भरलेला असावा, तसे ते दिसते. केर्गेलेनचा बहुतांश भाग असाच लाव्ह्याच्या पुरांनी बनलेला आहे, फक्त दख्खनपेक्षा कितीतरी तरुण, तीन कोटी वर्षांच्या आतला. इथल्याही कातळाच्या भोकांत गारगोटी सापडते. क्षेत्रफळ सुमारे ७,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ रायगड जिल्हा. रायगडात २०११ च्या जनगणनेत २६ लाख माणसे होती. केर्गेलेनवर हिवाळ्यात पन्नासच्या आतबाहेर, उन्हाळ्यात शंभराच्या वर. सर्वांत उंच माँ रॉस १,८५० मीटर, कळसूबाईपेक्षा २०० मीटर जास्त, आणि त्यावर माणूस पहिल्यांदा चढला तो १९७५ मध्ये. पश्चिमेला हिमनद्यांचे आच्छादन. झाड एकही नाही. वर्षाचे सरासरी तापमान चार-पाच अंश आणि वारा ताशी १५० किलोमीटरच्या झोतांनी आला तरी कोणी त्याची बातमी करत नाही. पोर्त-ओ-फ्रान्से या तळावरच्या चर्चला वाऱ्यांच्या मातेचे नाव आहे. त्यापेक्षा योग्य देवता मला सुचत नाही.

आणि ससे. तळाच्या मागे, टेकडीवर, बिळांतून, जिथे पाहावे तिथे ससे. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून गेला. ते अधिक्रमण मोजायला ब्रिटिश पथक केर्गेलेनला आले. त्यांनी जहाज फुटून अडकणाऱ्या खलाशांना मांस मिळावे म्हणून ससे सोडले. निरीक्षण एका दिवसाचे होते, ससे आजतागायत आहेत. त्यांनी केर्गेलेनचा कोबी खाऊन टाकला. ही वनस्पती फक्त या टापूतल्या बेटांवर होते. जाड पाने, गुडघाभर गड्डा, आत क जीवनसत्त्व. कुकच्या पथकातल्या विल्यम अँडरसनने ती नोंदवली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जॉन प्रिंगल यांचे नाव तिला दिले. स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या खलाशांना तिने वाचवले. तिचे परागण वारा करतो, कारण इथे कीटकांना उडण्याची सोय नाही. इथल्या काही माश्यांना पंखच नाहीत. उडेल तो समुद्रात जाईल. ससे नसलेल्या एका लहान बेटावर आम्हाला नेले तेव्हा हा कोबी डोळे भरून पाहता आला. पानाखाली गाईडने बोटाने एक तपकिरी, बिनपंखी माशी दाखवली. ती मुंगीसारखी तुरुतुरु चालत पानाच्या देठात शिरली. मुख्य बेटावर अशा जागी गवत आणि डँडेलियन आहेत, दोन्ही युरोपातून आलेले. उंदीर व्हेलमारी-सीलमारीच्या जहाजांतून आले. उंदरांसाठी मांजरे आणली, मांजरे उंदीर सोडून समुद्रपक्ष्यांवर तुटून पडली. तळावर मांसाला म्हणून १९५० च्या दशकात रेनडियर आणले, ते पोहत मुख्य बेटभर पसरले.

पैसा कमावायला आलेल्यांचे अवशेषही इथे जागोजागी आहेत. बोसिएर बंधूंना १८९३ मध्ये फ्रेंच सरकारने बेट मक्त्याने दिले. त्यांनी १९०८ मध्ये नॉर्वेजियनांकडून पोर जान द’आर्क इथे व्हेलचे तेल काढायचा कारखाना उभारवला. त्याच्या लोखंडी कढया अजून गंजत आहेत. पोर कुव्र्यो इथे मेंढपाळी करायला कुटुंबे आणली. मेंढ्या थंडीत गेल्या, माणसेही दगावली आणि १९३१ मध्ये सगळे बंद झाले. सुपीक खंडाची भूल दीडशे वर्षांनीही उतरली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

शेजारचे हर्ड बेट आमच्या वाटेवर नव्हते. ते ऑस्ट्रेलियाचे, त्यावरचा मॉसन पीक २,७४५ मीटर आणि जागृत. माणूस कोणी राहत नाही. तरी एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्काची यादी काढली, तीत हर्डवर दहा टक्के लावले होते. पेंग्विनांनी काय निर्यात केले होते, हे कळले नाही.

परतीच्या वाटेवर सेंट पॉल आणि ॲम्स्टरडॅम. सेंट पॉल हे खरे विवर. एका बाजूची भिंत फुटून समुद्र आत शिरला आहे आणि नौका ज्वालामुखीच्या तोंडात जाऊ शकते. इथे शेवंड्यांच्या डब्यांचा कारखाना होता. १९३० मध्ये हंगाम संपल्यावर राखणीला सात माणसे ठेवली, थोड्याच महिन्यांत जहाज येईल असे सांगून. त्यांत एक गरोदर बाई होती. मूल जन्मले आणि काही आठवड्यांत गेले. जहाज वर्षाच्या अखेरीस आले, तेव्हा सातांतले तिघे जिवंत होते. पुढे कंपनीवर झालेल्या खटल्याची फ्रान्समध्ये बरीच चर्चा झाली. ही कंपनीही बोसिएरांशी संबंधित होती, केर्गेलेनच्या मक्त्याची तीच माणसे.

ॲम्स्टरडॅम सदतिसाव्या अक्षांशावर, जरा उबदार. इथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड १९८० पासून मोजतात. आजूबाजूला कारखाना, शहर, धूर काहीच नाही, म्हणून हे आकडे जगभर वापरतात. आमच्यासाठी मात्र बेटाची ओळख दुसरीच होती. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेची डोलकाठी वादळात मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार लागला आणि ते बंकवरून उठूही शकत नव्हते. ‘थुरिया’ गोव्यात, दिवाडीच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. याच कारखान्यात कमांडर दिलीप दोंदे यांची ‘म्हादेई’ बांधली होती, जिच्यातून २००९-१० मध्ये ते एकटे जगाला वळसा घालून आले. फ्रेंच मत्स्यगस्ती नौका ‘ओसिरिस’ने टॉमींना उचलून या बेटावरच्या छोट्या दवाखान्यात आणले. इथून त्यांना आयएनएस सातपुडा विशाखापट्टणला घेऊन गेली. पुढे २०२२-२३ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले. तळावरच्या माणसांना ही हकीकत पाठ होती, नाव उच्चारायला मात्र कुणालाच जमत नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये या बेटावर आग लागली आणि निम्म्याच्या आसपास बेट जळाले. अल्बट्रॉसची एक जात जगात फक्त इथेच घरटी करते.

कोणाला जायचे असेल तर सांगतो. या बेटांचा कारभार रेयुनियाँवरच्या सेंट पिएर गावातून चालतो आणि अर्ज तिथेच करायचा. पर्यटकांच्या जागा मोजक्या, प्रतीक्षायादी लांब, खर्च काही हजार युरो, वैद्यकीय दाखला सक्तीचा. फेरी साधारण महिनाभराची, पण हवामान बिघडले तर बेट दुरूनच पाहून यावे लागते आणि पैसे परत मिळत नाहीत. एवढे ज्यांना परवडत नाही त्यांनी उडुपी स्टेशनला उतरून मालपे बंदर गाठावे. तिथून सेंट मेरी बेटांना होड्या जातात. पावसाळ्यात त्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर जावे. दुपारची गर्दी टाळावी, पायात रबरी तळाचे बूट घालावेत, कारण खांबांचे माथे शेवाळाने निसरडे असतात.